ओढणीचे टोक कोणाच्या हाती?

हुबळी-धारवाड हा आम्हां गोमंतकीयांना कधी परका मुलूख वाटला नाही. लोंढ्यावरून जाणारी आगगाडी पकडून व्यापाराला, उपचारांना, शिक्षणाला त्या जुळ्या शहरांत जाणारी माणसे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आणि तिकडची अनेक मुस्लिम कुटुंबेही पोटापाण्यासाठी वास्को-मडगावात येऊन स्थिरावली आहेत. तेथील मुस्लिम मुलगी घरी दखनी बोलते, शाळेत उर्दू किंवा कन्नड शिकते, इंग्रजीशी झगडत महाविद्यालय गाठते. इतक्या ओळखी एकाच वेळी सहज सांभाळणाऱ्या या मुलीला २०२२ च्या आरंभापासून साऱ्या देशाने केवळ डोक्यावरच्या वस्त्राने ओळखावे, हा तिच्यावर झालेला पहिला अन्याय होय.

वाद पेटला तो तेथून दूर, किनाऱ्यावरच्या उडुपीत. २०२१ च्या अखेरीस तेथील सरकारी पदवीपूर्व महाविद्यालयात हिजाब घालून वर्गात बसण्यास काही विद्यार्थिनींना मनाई झाली. पाहता पाहता भगव्या शाली गळ्यात घालून मुलांचे घोळके उभे राहिले, आणि हुबळी-धारवाडसह सबंध कर्नाटकातील महाविद्यालयांना काही दिवस टाळे लागले. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी सरकारने गणवेशाचा आदेश काढला आणि १५ मार्चला उच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने तो उचलून धरला. हिजाब हे इस्लाममधील अत्यावश्यक धर्माचरण नव्हे, असे न्यायालयाने म्हटले.

या ‘अत्यावश्यक धर्माचरणा’ची कुळकथा वाचकांना ठाऊक असावी. धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता, हे त्या धर्माच्या शिकवणुकीवरूनच ठरवावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली मांडले ते शिरूर मठाच्या खटल्यात. आणि हा शिरूर मठ उडुपीच्याच अष्टमठांपैकी एक! सरकारी देवस्थान आयुक्ताच्या हस्तक्षेपापासून मठाधिपतींना संरक्षण देताना जी कसोटी जन्मली, तीच अडुसष्ट वर्षांनी त्याच गावच्या शाळकरी पोरींना लावण्यात आली. मठाधिपतींना तिने आसरा दिला, पोरींना दिला नाही. आमचे म्हणणे असे की, सतरा वर्षांच्या मुलीने बाकावर बसण्यापूर्वी आपल्या धर्मग्रंथाचा अर्थ न्यायालयात सिद्ध करावा, ही अपेक्षाच मुळी विपरीत आहे.

येथे आमचे काही वाचक विचारतील, मग बुरख्याचे समर्थन करायचे काय? मुळीच नाही. स्त्रीने झाकून घ्यावे, पुरुषाने मोकळे हिंडावे, हा न्याय आम्हांला कोणत्याच धर्मात मान्य नाही. परंतु आपल्याच घरातील एक उदाहरण स्मरावे. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले, अण्णासाहेब कर्व्यांच्या मेव्हणी, केशवपन केलेल्या विधवेच्या वेषातच अनाथ बालिकाश्रमात शिकल्या. त्याच वेषात त्यांनी आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी केशवपन सोडले ते स्वतःच्या विचाराने. आधी केस वाढवून या, मग दाखला देऊ, असे कर्व्यांनी त्यांना दारातच सांगितले असते तर? शिक्षणाने वेष बदलला. वेषाच्या अटीवर शिक्षण दिले गेले नव्हते.

मुल्ला-मौलवींनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. हिजाबच्या हक्कासाठी आवाज चढवणाऱ्या पुढाऱ्यांपैकी किती जण मशिदीत बायकांसाठी जागा करून देण्यास तयार आहेत? पुण्यातील एक दांपत्य २०१९ साली याच मागणीसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा स्त्रियांना मशिदीत नमाज पढण्यास इस्लामची मनाई नाही, असे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने पुढे प्रतिज्ञापत्रावर कबूल केले. कागदावरची ही परवानगी गल्लीतल्या मशिदीपर्यंत फारशी उतरलेली दिसत नाही. कोकणच्याच हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तेव्हा मागणी होती ती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. त्यांपैकी एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द व्हायला २०१७ साल उजाडले. (गोव्यातील मुस्लिम स्त्रीला समान नागरी कायद्याचे कवच आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र १८८० च्या पोर्तुगीज हुकुमाने काही परिस्थितीत दुसरी बायको करण्याची मुभा ठेवली होती ती हिंदू पुरुषाला, हे सांगताना आपला आवाज जरा खाली येतो.)

कर्नाटकातच या प्रश्नाचे उत्तर जगून दाखवणारी एक स्त्री आहे. हासनच्या कन्नड लेखिका व वकील बानू मुश्ताक यांनी स्त्रियांच्या मशीदप्रवेशाची बाजू घेतली म्हणून २००० साली त्यांच्यावर सामाजिक बहिष्कार पडला. त्याच बानूंनी हिजाब घालणाऱ्या विद्यार्थिनींच्या हक्काचेही समर्थन केले. २०२५ साली त्यांच्या कथांना आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. आणि त्याच वर्षी म्हैसूरच्या दसऱ्याचे उद्घाटन त्यांच्या हस्ते होऊ नये म्हणून काही मंडळी न्यायालयात गेली. दोन्ही बाजूंच्या धर्मरक्षकांना ही बाई खुपते, यातच तिचे सातत्य आहे.

हुबळी-धारवाडपुरते बोलायचे तर तेथे अंजुमन-ए-इस्लामची महाविद्यालये आहेत. सरकारी दार बंद झाले तर ज्या मुलीच्या बापाला परवडेल, ती अशा संस्थेत जाऊ शकते. पण त्याने साधले काय? जिच्या बाकावर शेजारी लिंगायत किंवा ब्राह्मण मैत्रीण बसू शकली असती, ती केवळ आपल्या समाजाच्या वर्गात गेली. जिला परवडत नाही, ती घरी बसून लग्नाची वाट पाहते. पीयूसीएलच्या कर्नाटक शाखेने काही जिल्ह्यांतील मुलींच्या भेटी घेतल्या, तेव्हा महाविद्यालय बदललेल्या आणि शिक्षणच सुटलेल्या, अशा दोन्ही तऱ्हेच्या मुली त्यांना आढळल्या. समतेसाठी म्हणून काढलेल्या आदेशाचे हे फळ!

१३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्या. हेमंत गुप्ता यांनी अपिले फेटाळली. न्या. सुधांशू धुलिया यांनी ती मान्य करताना, घरची कामे उरकून शाळा गाठणाऱ्या मुलीची वाट तिच्या भावापेक्षा किती खडतर असते याची आठवण दिली. तिला वर्गाबाहेर ठेवून आपण तिचे आयुष्य सुधारतो आहोत काय, असा त्यांचा रोख होता. त्याच सुमारास इराणमध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर तरुणी डोक्यावरची ओढणी भिरकावीत रस्त्यावर आल्या होत्या. तेहरानात ओढणी सक्तीने घालायला लावतात, येथे सक्तीने काढायला लावतात. तिचे टोक दोन्हीकडे सरकारच्याच मुठीत.

कर्नाटकातील प्रकरण मोठ्या पीठाकडे सोपवले गेले. २०२३ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी बंदी उठवण्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी, विचार चालू आहे, असा खुलासा केला. २०२२ साली बारावीच्या वर्गाच्या दारात अडवलेल्या मुलीचे पदवीचे वर्षही एव्हाना मागे पडले आहे.