गारव्याचें यंत्र कां रुसतें?

चैत्र सरतां सरतां खानदेशांतील ऊन कसें होतें, हें जळगांव-धुळ्याच्या वाचकांस सांगावयास नको. दुपारीं रस्ते ओस पडतात, झळांनीं डोळे भाजतात, आणि पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेला तरी कोणास नवल वाटत नाहीं. आमच्या वाडवडिलांनीं या उन्हाशीं जुळवून घेण्यासाठीं जाड भिंतींचीं धाब्याचीं घरें बांधिलीं, दारांना वाळ्याचे पडदे लाविले आणि त्यांवर पाणी शिंपिलें. आतां घरें सिमेंटचीं झालीं, आणि कांहीं मोठ्या कुटुंबांतून सबंध घराला एकाच यंत्रानें गारवा पुरविण्याची सोय आली. सोयीच्या मागोमाग परावलंबनहि आलें. मे महिन्यांत यंत्र बिघडलें म्हणजे दुरुस्तीचा माणूस चार-चार दिवस मिळत नाहीं. आणि घरांत वयोवृद्ध माणूस असलें, तर ते चार दिवस नुसत्या गैरसोयीचे राहत नाहींत.

तीन वर्षांपूर्वीं आमच्या जळगांवच्या घरीं हा प्रसंग ओढवला. घरांत लहानमोठीं अकरा माणसें. यंत्र एकच, आणि त्याचे डक्ट सहा खोल्यांतून फिरलेले. वैशाखाच्या आरंभीं गारवा कमी होऊं लागला. दुरुस्तीचा कारागीर आला, "गॅस कमी झाला आहे," म्हणाला आणि गॅस भरून पैसे घेऊन गेला. दोन दिवस घर गार राहिलें, तिसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. असें तीन वेळां झालें. अखेर एके दुपारीं चौऱ्यांशीं वर्षांचे आमचे ती. अण्णा असंबद्ध बोलूं लागले. अंग तापलेलें, कातडी कोरडी. ओल्या कापडांनीं अंग पुसत त्यांना तातडीनें दवाखान्यांत नेलें. उष्माघाताची सुरुवात होती. दैवानें वेळ निभावली आणि दोन दिवसांनीं ते घरीं आले.

त्यांना पाहण्यासाठीं धुळ्याहून आत्या आली. तिचें शिक्षण मराठी चौथीपर्यंत. धुळ्याच्या जुन्या घरांत तिनें उन्हाळे काढले ते माठ, वाळा आणि ओल्या पडद्यांवर. यंत्र तिच्या खिजगणतींतहि नव्हतें. ओटीवर बसून छतालगतच्या जाळीकडे पाहत ती मला म्हणाली, "अरे, वारा बाहेर येतो तो या जाळींतून. मग तो आंत शिरतो कोठून?"

"आत्या, खालीं भिंतींत दुसरी मोठी जाळी आहे," मीं म्हटलें.

"मग ती दिसत कां नाहीं?"

दिसत नव्हती, कारण फाल्गुनांत घरीं लग्न झालें तेव्हां पाहुण्यांसाठीं काढलेल्या गाद्यांची चळत आणि दोन ट्रंका त्या जाळीपुढें रचल्या होत्या, त्या तशाच राहिल्या होत्या! गाद्या हलविल्या, जाळी उघडली, तों फिल्टरवर धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा थर, अगदीं घोंगडीसारखा. आंतल्या नळ्यांवर बर्फ गोठलेला. त्या रात्रीं गारवा बंद ठेवून नुसता पंखा चालूं दिला. सकाळपर्यंत बर्फ वितळला, धुतलेला फिल्टर बसविला, आणि घर पूर्ववत् गार झालें. मागाहून दुसऱ्या एका जाणत्या कारागिरास बोलावून, भरलेला जास्तीचा गॅस मात्र काढवून घ्यावा लागला.

मग गॅस भरल्यावर दोन दिवस तरी बरें कां वाटे? दुरुस्तीसाठीं यंत्र अर्धा दिवस बंद राही, तेवढ्यांत बर्फ वितळे. गुण येई तो त्या विश्रांतीचा, आणि श्रेय जाई गॅसला!

वास्तविक हें यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं. तें घरांतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतें. त्यासाठीं त्यांत दोन चक्रें चालतात. एक हवेचें. घरांतील हवा मोठ्या जाळींतून ओढली जाते, फिल्टरमधून गाळली जाते, थंड नळ्यांच्या कॉइलवरून जाते आणि डक्टांतून खोल्याखोल्यांत पोंचते. दुसरें चक्र गॅसचें. तो कॉइलमध्यें उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून बाहेरच्या भागांत नेतो, आणि तेथला पंखा ती उष्णता मोकळ्या हवेंत सोडतो. गॅसचें चक्र बंद नळ्यांतलें; तें कारागिराचें काम. हवेचें चक्र उघडें. तें घरच्या माणसांचें काम. पुष्कळ तक्रारी या दुसऱ्याच प्रांतांतल्या असतात, म्हणून आधीं तेथें पहावें.

आमच्याकडील केळीचे व्यापारी हें चांगलें जाणतात. केळीं पिकविण्याच्या शीतखोलींत क्रेटांच्या राशींमधून हवा फिरावयास वाट ठेवावी लागते. ती वाट बुजली तर यंत्र कितीहि मोठें असो, मधलीं केळीं स्वतःच्याच उष्णतेनें तापतात.

आतां एकेक लक्षण घेऊं.

यंत्र मुळींच सुरू होत नसेल, तर थर्मोस्टॅटचा आंकडा, त्याचे सेल आणि विजेच्या फळीवरील एमसीबी पहावा. पडलेला एमसीबी एकदां वर करून पहावयास हरकत नाहीं. पुन्हां पडला तर हट्ट करूं नये, तो कांहीं धोका सांगत आहे. उन्हाळ्यांत विजेचा दाब उतरतो, तेव्हांहि कॉम्प्रेसर अडतो. बंद केलेलें यंत्र तीन ते पांच मिनिटें थांबूनच सुरू करावें, म्हणजे आंतील दाब समान होतो.

यंत्र चालतें पण गारवा नाहीं, असें असेल तर फिल्टर, मोठी जाळी आणि बाहेरचा भाग या क्रमानें पहावें. उन्हाळ्यांत फिल्टर दर पंधरवड्यास धुवावा आणि पुरता वाळवून बसवावा. बाहेरच्या भागाच्या पात्यांत धूळ आणि कापसाचे तंतू अडकतात. वीज मुख्य स्विचपाशीं बंद करवून ते साफ करवून घ्यावे. त्या भागाभोंवतीं अडगळ रचली, तर त्यानें सोडलेली ऊष्ण हवा तोच पुन्हां ओढतो. थर्मोस्टॅट १६ अंशांवर नेल्यानें घर लवकर गार होत नाहीं, यंत्र फक्त अधिक वेळ राबतें. २४ अंशांच्या आसपास ठेवणें बरें.

एकच खोली तापत असेल, तर डक्टाचा सांधा सुटलेला असतो, आंतील झडप मिटलेली असते, किंवा खोलीचें दार घट्ट लावल्यामुळें हवेला परत यावयास वाट नसते. आणखी एक चूक अनेक घरीं दिसते: यंत्र चालू असतांनाच शेजारच्या खोलींत वाळ्याचा कूलर लावितात. कूलर हवेंत ओलावा घालतो आणि यंत्राला तोच ओलावा पिळून काढावा लागतो. कूलरला खिडकी उघडी लागते, यंत्राला बंद. दोघांचा संसार एका छताखालीं होत नाहीं.

ओलाव्यावरून आठवलें. १९०२ सालीं विलिस कॅरिअर या अमेरिकन इंजिनिअरानें असलें यंत्र आखलें, तें माणसांच्या सुखासाठीं नव्हे, तर ब्रुकलिनच्या एका छापखान्यांतील कागद दमटपणानें बिघडूं नये म्हणून. हवेंतील पाणी काढणें हें त्याचें मूळचेंच काम. आपल्या कोरड्या वैशाखांत तें पाणी थोडेंच निघतें. म्हणून निचऱ्याची नळी तुंबलेली असली तरी कळत नाहीं. मृगाचा पहिला पाऊस येतो, हवा दमट होते, आणि छतांतून पाणी ठिबकूं लागतें. लोक छपराला दोष देतात. दोष त्या नळीचा असतो. ती पावसाच्या आधींच साफ करवून घ्यावी.

कॉइलवर बर्फ दिसल्यास गारवा बंद करून नुसता पंखा चालवावा आणि बर्फ आपोआप वितळूं द्यावा. सुरीनें खरवडूं नये. नळीला भोंक पडलें तर सारा गॅस जाईल. फिल्टर स्वच्छ आणि जाळी मोकळी असूनहि पुन्हां बर्फ धरला, तर मात्र गॅसचा संशय घ्यावा. तेव्हांहि एक गोष्ट ध्यानांत असावी. दिव्यांतलें तेल जळतें तसा हा गॅस खर्च होत नाहीं. तो कमी झाला असेल तर कोठें तरी गळती आहे. ती शोधून, सांधून, मग वजनानें गॅस भरावा. नुसता भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें. शिवाय जुन्या यंत्रांतील आर-२२ हा गॅस ओझोनच्या थराला बाधक आहे, आणि १९८७ च्या माँट्रिअल करारान्वयें अशा वायूंचा वापर जगभर आंखडत आणला जात आहे.

जळका वास आला, ठिणगी दिसली किंवा खडखड वाढली, तर मुख्य स्विच बंद करून कारागिराचीच वाट पहावी. आंतील कॅपॅसिटर वीज बंद केल्यावरहि भार धरून ठेवतो; म्हणून झांकण उघडण्याचें साहस कोणीहि करूं नये.

यंत्र येईपर्यंत वडील माणसांना खालच्या मजल्यावरील सांवलीच्या खोलींत ठेवावें, वारंवार पाणी द्यावें, ओल्या कापडानें अंग पुसावें. बोलणें असंबद्ध झालें, अंग तापून कातडी कोरडी पडली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां दवाखाना गांठावा.

अण्णा आतां बरे आहेत. फाल्गुन लागला कीं ते स्वतः काठी टेकीत त्या जाळीपाशीं जातात आणि तिच्यापुढें कांहीं ठेवलें नाहीं ना, हें पाहून येतात. धुळ्याला आत्याला पत्र जातें, त्यांत शेवटीं एक ओळ ठरलेली असते: "जाळी मोकळी आहे."