ढेकूणपुराण

कला शाखेच्या विद्यार्थिनीने कीटकावर लेख लिहावा, आणि तोही आपल्या वार्षिकात, याचे काही वाचकांना नवल वाटेल. कविता, प्रवासवर्णन, निदान एखाद्या कादंबरीचा परिचय सोडून तुझी लेखणी ढेकणासारख्या क्षुद्र प्राण्याकडे का वळली, असे संपादक मंडळातील एका मैत्रिणीने मला विचारलेही. त्याचे उत्तर असे की, गेल्या वर्षी आमच्या वसतिगृहात या प्राण्यापायी एका निरपराध मुलीवर अन्याय झाला आणि तो करणाऱ्यांत मी पहिली होते. त्या वेळी ढेकणाविषयी मला काहीच माहिती नव्हती. आता थोडीफार झाली आहे, आणि ती इतरांना सांगणे मी माझे कर्तव्य समजते.

हकीकत अशी. डिसेंबरमध्ये एकांकिका स्पर्धेसाठी आमचा चमू एका मोठ्या शहरात गेला होता. दोन रात्री आम्ही तेथील एका लॉजवर उतरलो. बक्षीस काही मिळाले नाही. परंतु आपण अगदीच रिकाम्या हातांनी परतलो नव्हतो, हे पुढे कळायचे होते. जानेवारीत माझी खोलीसोबतीण संक्रांतीला गावी जाऊन आली. येताना तिने आजीने शिवलेली गोधडी आणली. आजीच्याच जुन्या लुगड्यांची ती गोधडी होती आणि तिचे टाके इतके बारीक होते की, आम्ही सगळ्याजणी ती हातात घेऊन पाहत बसलो होतो.

त्यानंतर आठवड्याभरात माझ्या दंडावर एका रांगेत गांधी उठल्या. एका रात्री खाज असह्य झाली म्हणून दिवा लावला, तो उशीच्या अभ्र्यावर एक टपोरा ढेकूण! आरडाओरडा झाला, शेजारच्या खोल्यांतील मुली जमल्या आणि पाच मिनिटांत निकालही लागला. "ती गावाकडची गोधडी आली ना, तेव्हापासूनच!" हे वाक्य प्रथम उच्चारले ते मी. ती एवढेच म्हणाली, "आमच्या घरात ढेकूण नाहीत गं." तिचे कोणी ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी गोधडी वसतिगृहामागे नेऊन रॉकेल ओतून जाळण्यात आली. ती व्हरांड्यात उभी राहून पाहत होती.

गोधडी गेली, ढेकूण राहिले. शेवटी बाईंनी फवारणीचे काम करणाऱ्या एका अनुभवी गृहस्थांना बोलावले. त्यांनी आल्या आल्या औषध मारले नाही. बॅटरी घेऊन ते तासभर नुसते पाहत होते. माझ्या लोखंडी खाटेचे सांधे पाहिले, भिंतीतील भेगा पाहिल्या आणि खाटेखालची बॅग ओढून तिच्या शिवणीवर उजेड टाकला. तेथे शाईचे थेंब पडावेत तसे काळे ठिपके होते आणि कागदासारख्या पातळ, रिकाम्या काती होत्या. "ताई, ही बॅग कुणाची? आणि ही बाहेरगावी कुठं गेली होती का?" त्यांनी विचारले. बॅग माझी होती आणि ती लॉजवर गेली होती.

त्या ठिपक्यांवरून आणि कातींवरून त्यांनी हा निष्कर्ष कसा काढला, हे समजण्यासाठी या प्राण्याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

ढेकूण हा पंख नसलेला, चपटा, तांबूस तपकिरी रंगाचा कीटक. संस्कृतात त्याला मत्कुण म्हणतात. पूर्ण वाढलेला ढेकूण पाच ते सात मिलिमीटर लांब, म्हणजे सफरचंदाच्या बीएवढा असतो. त्याला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. चालणे आणि लपणे एवढ्याच दोन विद्या त्याला येतात. बँकेचे कार्ड सरकेल एवढी फट त्याला राहायला पुरते. माणसाच्या घरात राहणाऱ्या याच्या मुख्य जाती दोन. थंड प्रदेशातील सायमेक्स लेक्ट्युलॅरियस आणि उष्ण प्रदेशातील सायमेक्स हेमिप्टेरस. आपल्याकडे बहुधा ही दुसरी जात आढळते.

त्याचे अन्न एकच, रक्त. केर, खरकटे, घाण यांच्याशी त्याला काही कर्तव्य नाही. खोलीत अडगळ असली तर त्याला लपायला जागा अधिक मिळते, एवढाच काय तो अस्वच्छतेशी संबंध. आपला श्वास, अंगाची ऊब आणि गंध यांच्या रोखाने तो रात्री बाहेर येतो. त्याच्या सोंडेत दोन नळ्या असतात. एकीतून तो लाळ सोडतो. तिच्यामुळे रक्त गोठत नाही आणि आपल्याला चावा जाणवत नाही. दुसरीतून तो रक्त ओढतो. पाच-दहा मिनिटांत पोट भरले की स्वारी पुन्हा फटीत. अंगावर गांधी उठतात त्या लाळेमुळे. पण त्या सर्वांनाच उठत नाहीत आणि लगेच तर मुळीच उठतील असे नाही. पहिल्या चाव्यांनंतर अंग दाद द्यायला कित्येक दिवस लागू शकतात. म्हणजे ज्याला खाज सुटली त्याच्याकडेच ढेकूण आहेत आणि ज्या दिवशी सुटली त्याच दिवशी ते आले, असे मानणे चूक आहे.

मादी रोज एक ते पाच अंडी घालते. ती मोत्यासारखी पांढरी, जेमतेम मिलिमीटरभर लांब आणि चिकट असतात. आठ-दहा दिवसांत त्यांतून पिल्ले निघतात. पिल्लाला मोठे होईपर्यंत पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक वेळी त्याआधी एकदा तरी रक्त प्यावे लागते. उबदार हवेत या सगळ्याला पाच-सहा आठवडे लागतात. माझ्या खाटेच्या सांध्यांत आणि बॅगेच्या शिवणीत लहानमोठ्या सर्व आकारांच्या कातींचा खच होता, तर खोलीसोबतिणीच्या खाटेत शोधूनही दोनच ढेकूण मिळाले. आठवड्यापूर्वी आलेल्या गोधडीने माझ्या खाटेत एवढा संसार थाटणे शक्यच नव्हते. लॉजवरून येऊन मात्र बरोबर सहा आठवडे झाले होते. इतका साधा हिशेब, पण तो करण्याआधीच आम्ही काडी ओढली होती.

ढेकूण म्हणजे गरिबी, ढेकूण म्हणजे खेडवळपणा ही समजूत किती खोटी आहे, हे जगातील मोठमोठ्या शहरांनी अनुभवले आहे. डीडीटीचा कीटकनाशक गुण पाउल म्युलर यांनी १९३९ साली शोधला आणि त्याबद्दल त्यांना १९४८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर या औषधाने श्रीमंत देशांतून ढेकूण जवळजवळ नाहीसे केले. पण १९४७ मध्येच हवाई बेटांवरील पर्ल हार्बर येथे डीडीटीला दाद न देणारे ढेकूण आढळले होते. पुढे पायरेथ्रॉइड गटातील औषधे आली. ही औषधे कीटकाच्या मज्जातंतूंवर आघात करतात. ज्या थोड्या ढेकणांत जन्मतःच त्या ठिकाणी बदल झालेला होता ते जगले, त्यांची प्रजा वाढली. काहींचे बाह्य कवचच जाड झाले आणि औषध आत शिरेनासे झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया येथे ढेकूण परतले, आणि वाढत्या प्रवासाने त्यांना वाहनही मिळाले. फ्रान्समधील एका सरकारी संस्थेने २०२३ च्या जुलैमध्ये जाहीर केले की, २०१७ ते २०२२ या काळात त्या देशातील शंभरांपैकी अकरा घरांना ढेकणांचा उपद्रव झाला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये आणि त्यापाठोपाठ सोलमध्ये या प्राण्याने मोठी खळबळ उडवली. तेथे कोणाची गोधडी जाळणार?

हॉटेल किंवा लॉज हे ढेकणाचे एस.टी. स्थानक म्हणावे. रोज नवा प्रवासी, रोज नवी बॅग. खोलीचे भाडे किती याच्याशी त्याला देणेघेणे नाही. म्हणून सहलीला, स्पर्धेला, परीक्षेला जाणाऱ्या मैत्रिणींना माझे सांगणे आहे की, खोलीत शिरताच बॅग पलंगावर टाकू नका. आधी ती न्हाणीघरात ठेवा, कारण फरशीच्या कोरड्या, उघड्या जागेत लपण्यास वाव कमी असतो. मग चादर उचलून गादीचे कोपरे, शिवणी आणि उशाकडील फळीच्या फटी बॅटरीने पाहा. काळे ठिपके, काती किंवा जिवंत प्राणी दिसला तर खोली बदलून मागा, आणि तीही लगतची नको. परत आल्यावर कपडे खोलीत पसरण्यापूर्वी गरम पाण्यात घाला व बॅग उन्हात उघडी करून झटका. मी हे सारे केले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

आता ढेकूण झालेच तर काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे लपवू नये. लाजेपोटी एक खोली गप्प बसते आणि तेवढ्या वेळात भिंतीतील भेगांतून चार खोल्या भरतात. एकट्या खोलीचा उपायही पुरत नाही. शेजारच्या खोल्याही तपासाव्या लागतात.

दुसरी गोष्ट, उष्णता हे सर्वांत खात्रीचे औषध. पन्नास अंश सेल्सियसच्या वर ढेकूण आणि त्याची अंडी काही मिनिटांतच मरतात. त्याला प्रतिकार करणारी जात अद्याप निपजलेली नाही. चादरी, अभ्रे, गोधड्या कडकडीत पाण्यात बुडवून ठेवाव्यात. लोखंडी खाटेच्या सांध्यांवर उकळते पाणी ओतावे. आपल्या आज्या खाटा उन्हात टाकत त्यात तथ्य आहे. मात्र जाड गादीच्या आतपर्यंत ऊन पोहोचत नाही आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. जे भिजवता येत नाही, उदाहरणार्थ पुस्तके, ते पिशवीत घट्ट बांधून उणे अठरा अंशांच्या शीतपेटीत चार दिवस ठेवले तरी चालते.

तिसरी गोष्ट, खाट भिंतीपासून दूर ओढावी, पांघरूण जमिनीला टेकू देऊ नये आणि पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. परदेशात यासाठी गुळगुळीत कडांचे कोरडे सापळे वापरतात; परंतु उष्ण प्रदेशातील ढेकणाच्या पायांवर अधिक केस असल्याने तो गुळगुळीत कडाही चढून जातो. वाटीत साबणाचे पाणी घातलेले बरे. बाल्कन देशांत पूर्वी रात्री जमिनीवर घेवड्याच्या जातीची पाने पसरत. पानांवरील आकडेदार लवेत ढेकणांचे पाय अडकत आणि सकाळी ती पाने जाळून टाकीत.

चौथी गोष्ट, फवारणी जाणकाराकडूनच करून घ्यावी आणि दोन आठवड्यांनी पुन्हा करावी, कारण पहिल्या वेळी अंडी वाचतात. भेगा बुजवाव्यात. सुट्टीत महिनाभर खोली बंद ठेवली की ढेकूण उपाशी मरतील, ही आशाही सोडावी. ते याहून अधिक काळ उपवास करू शकतात.

आणि जे कदापि करू नये तेही सांगते. आमच्या शेजारच्या खोलीतील एकीने घरून पिकावर मारायचे औषध आणण्याची तयारी चालवली होती. शेतीची औषधे झोपण्याच्या खोलीत मारणे म्हणजे ढेकणाआधी स्वतःला मारणे होय. धान्यात ठेवण्याच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर त्याहून भयंकर. हवेतील दमटपणाने त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो, तो फटींतून शेजारच्या घरात शिरतो आणि झोपलेली माणसे उठत नाहीत. अशा दुर्घटना आपल्याकडे घडलेल्या आहेत. रॉकेल शिंपडण्यात आगीचा धोका आहे. ढेकणाच्या चाव्याने माणसात रोग पसरल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. त्याचा त्रास खाजेचा, जागरणाचा आणि मनस्तापाचा. त्यासाठी जीव धोक्यात घालणे शहाणपणाचे नव्हे.

पंचतंत्रात ऊ आणि ढेकूण यांची एक गोष्ट आहे. राजाच्या शय्येत राहणाऱ्या मंदविसर्पिणी नावाच्या उवेकडे अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा म्हणून येतो. राजा झोपेपर्यंत थांबायला ती सांगते, पण तो उतावळेपणाने आधीच चावतो. सेवक दिवे घेऊन धावतात. ढेकूण खाटेच्या फटीत निसटतो, आणि चादरीच्या घडीत सापडलेली ऊ मारली जाते. अनोळख्याला थारा देऊ नये, हे या गोष्टीचे तात्पर्य लहानपणी शिकवले गेले. आता मला त्यात शोध घेणाऱ्या सेवकांचा उतावळेपणाही दिसतो. जे हाताशी सापडले, त्याला त्यांनी दोषी ठरवले.

आमचे वसतिगृह तीन आठवड्यांच्या मेहनतीने ढेकूणमुक्त झाले. सर्व पांघरुणे मोठ्या पातेल्यांत उकळत्या पाण्यातून काढली. एकही जाळावी लागली नाही. त्या दिवशी पातेल्यावरची वाफ पाहताना मला एकाच गोष्टीची आठवण येत होती. ती गोधडीही अशीच तासाभरात निर्धास्त झाली असती. किंबहुना तिला त्याचीही गरज नव्हती.

मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "गोधडी काही परत यायची नाही. पण तू लिहिणार असशील तर लिही. फक्त माझं नाव घालू नकोस." त्याप्रमाणे तिचे नाव मी कोठेही घातलेले नाही. जिचा दोष होता तिचे नाव मात्र वाचकांना लेखाच्या शीर्षकाखाली सापडेल.