बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग ओके?

उन्हाळा लागला की आर्वी तालुक्यातल्या रोहण्यासारख्या गावात घरोघरी पत्र्याचे कूलर निघतात. पत्रा, पाणी आणि पाण्यात बुडालेला पंप. वायरची साल गेली की करंट थेट पत्र्यात. तरी घरधनी निर्धास्त, कारण वायरमननं बल्ब लावून दाखवलेला असतो. एक टोक फेजला, दुसरं अर्थिंगला. बल्ब पेटला, अर्थिंग ओके!

ही परीक्षा फसवी आहे. ६० वॉटच्या साध्या बल्बचा स्वतःचा रोध ८८० ओहमच्या आसपास. अर्थिंगचा रोध ५० ओहम, म्हणजे वाईटच असला, तरी बल्बला २३० पैकी २१७ व्होल्ट मिळतात. व्होल्टेज कमी-जास्त होणाऱ्या गावात तेवढा फरक कोणाच्या लक्षात येणार? पण कूलरच्या पत्र्यात फेज उतरला तर याच अर्थिंगमधून फार तर साडेचार अँपिअर जातील. १६ अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि पत्रा जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर जिवंत राहील.

मुळात एमसीबी माणसासाठी नाहीच, तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसाचा पंजा १० मिलिअँपिअरच्या आसपासच आवळला जातो, मग सोडू म्हटलं तरी सुटत नाही. जिवासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं परत आला नाही की तो पडतो, त्यामुळे वरच्या उदाहरणातलं वाईट अर्थिंगही त्याला पुरतं. मात्र अर्थिंगच नसेल, तर तो पडण्यासाठी आधी कोणाला तरी शॉक बसावा लागतो.

‘अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकलाय, आता जन्मभर बघायला नको’ हेही खरं नाही. मीठ पावसानं वाहून जातं, खड्ड्यातल्या पाइपाला गंज चढवतं. आणि आपली काळी माती! पावसाळ्यात चिंब, अर्थिंगला उत्तम. मे महिन्यात भेगाळून पाइपापासून सुटते. म्हणजे कूलर चालतो तेव्हाच अर्थिंग सर्वांत कच्चं. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत राहणं हा अडाणीपणा नाही, शास्त्र आहे.

सर्वांत घातक जुगाड म्हणजे सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगची पीन तारेनं जोडणं. न्यूट्रल कुठं तुटला की चालू उपकरणातून आलेला फेज थेट पत्र्यावर येतो. अशा घरात आरसीसीबी बसवला तर तो घडीघडी पडतो. मग ‘फॉल्टी’ म्हणून तोच काढून टाकतात, तार तशीच राहते.

रबरी चपलेबद्दल फार बोलायला नको: ओली, झिजलेली चप्पल भरवशाची नाही. कूलरमध्ये पाणी भरताना प्लगच काढावा.

आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबावं. पडला नाही तर बदलावा. पण त्या बटणानं अर्थिंग तपासलं जात नाही. त्यासाठी अर्थ टेस्टर असलेला वायरमन बोलवावा, तोही मे महिन्यात.