विश्लेषण : वेबसाइट आहे, पण ग्राहकांचे फोन का येत नाहीत? छोट्या व्यावसायिकांनी नेमके काय बदलावे?

एसी दुरुस्ती, पेस्ट कंट्रोल, टाकी सफाई, फिजिओथेरपी, केटरिंग, करसल्ला अशा सेवा देणाऱ्या अनेक छोट्या व्यावसायिकांनी पदरचे पैसे घालून वेबसाइट करून घेतली. तरीही काम येते ते ओळखीतून, नाहीतर प्रत्येक ऑर्डरमागे कमिशन कापणाऱ्या ॲपवरून. मग नवी वेबसाइट करावी की जाहिरातींवर खर्च वाढवावा, असा प्रश्न पडतो. बहुतेकदा या दोन्हींच्या आधी आहे त्याच वेबसाइटमध्ये काही साधे बदल करण्याची गरज असते. ते कोणते?

ग्राहक वेबसाइटवर काय शोधतो?

उदाहरण म्हणून ठाण्यातील एसी दुरुस्तीचा व्यवसाय घेऊ. एप्रिलच्या दुपारी एसी बंद पडलेला माणूस मोबाइलवर शोध घेतो. त्याला चारच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. माझ्या कंपनीचा एसी दुरुस्त करता का? माझ्या भागात येता का? कधी येणार? साधारण किती घेणार? प्रत्यक्षात त्याला दिसते काय, तर ‘आमच्या संकेतस्थळावर आपले स्वागत आहे’ ही ओळ, हस्तांदोलन करणाऱ्या परदेशी माणसांचे सरकते फोटो आणि ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’ हे वाक्य. चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. तो मागे जातो आणि यादीतील पुढचे नाव उघडतो.

आधी जाहिरात की आधी वेबसाइट?

साधा हिशेब करू. समजा, जाहिरातीच्या एका क्लिकसाठी २० रुपये मोजावे लागतात. १०० जण वेबसाइटवर आले, म्हणजे खर्च झाला २,००० रुपये. त्यातील दोघांनी फोन केला, तर एक फोन १,००० रुपयांना पडला. वेबसाइट सुधारल्यामुळे त्याच १०० जणांपैकी चौघांनी फोन केला, तर तोच फोन ५०० रुपयांना पडतो. गळक्या टाकीत पाणी ओतण्याआधी गळती बंद करावी, तसेच हे आहे. म्हणून आधी वेबसाइट, मग जाहिरात.

पहिल्या स्क्रीनवर काय असावे?

बोट न सरकवता दिसणाऱ्या भागात काम, भाग आणि वेळ स्पष्ट लिहावी. ‘ठाणे, मुलुंड आणि कळव्यात घरी येऊन एसी दुरुस्ती, सकाळी ९ ते रात्री ८’ एवढे पुरते. त्याखाली फोन आणि व्हॉट्सॲपचे बटण असावे. अनेक वेबसाइटवर नंबर चित्रात लिहिलेला असतो. त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही. व्हॉट्सॲपची लिंक बनवताना नंबरच्या आधी ९१ हवा. शून्य किंवा अधिक चिन्ह नको.

चौकशीचा फॉर्म ठेवायचाच असेल, तर नाव, फोन, परिसर आणि अडचण या चार रकान्यांत भागवावे. तो फॉर्म स्वतः भरून पाहावा. भरलेली माहिती कोणीच न उघडणाऱ्या ई-मेलवर पडून राहते, असेही घडते.

दर जाहीर करावेत का?

‘दर लिहिले तर स्पर्धकाला कळतील’ ही भीती असते. पण स्पर्धक एक फोन करूनही दर विचारू शकतो. दर न दिसल्याने बिचकतो तो ग्राहक. नेमका आकडा सांगणे शक्य नसेल, तर ‘तपासणी शुल्क इतके, काम दिल्यास ते बिलातून वजा, सुट्या भागांची किंमत आधी सांगून’ असे लिहावे. त्यामुळे फक्त भाव विचारणारे फोनही कमी होतात. सोबत स्वतःच्या कामाचे, स्वतःच्या माणसांचे फोटो द्यावेत. घरात अनोळखी माणूस येणार असेल, तर त्याचा चेहरा आधी पाहिलेला बरा वाटतो.

वेबसाइट हळू का उघडते?

मोबाइलने काढलेला एक फोटो सहज ३ ते ५ एमबीचा असतो. असे दहा फोटो जसेच्या तसे चढवले, की पान जड होते. तेच फोटो आकार कमी करून ‘वेबपी’ प्रकारात साठवले, तर प्रत्येकी १००-२०० केबीत बसतात. गुगलच्या निकषानुसार पानावरचा सर्वात मोठा फोटो किंवा मजकूर २.५ सेकंदांत दिसायला हवा. गुगलच्याच ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या मोफत साधनात वेबसाइटचा पत्ता टाकला, की ती कुठे अडते ते कळते. चाचणी ऑफिसच्या वायफायवर न करता साध्या मोबाइलवर, मोबाइल डेटावर करावी.

वेबसाइटला सुरक्षा प्रमाणपत्र नसेल, तर क्रोम ब्राउझर पत्त्याशेजारी ‘नॉट सिक्युअर’ असा इशारा दाखवतो. जुलै २०१८ पासून हे सुरू आहे. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था असे प्रमाणपत्र मोफत देते.

गुगलवर नाव वर कसे येते?

‘जवळचा एसी दुरुस्तीवाला’ असा शोध घेतल्यावर नकाशासह जी नावे येतात, ती ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’मधून येतात. तेथील क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो : शोधाशी जुळणारी माहिती, ग्राहकापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. अंतर आपल्या हातात नसते. पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीवर काम करता येते. प्रोफाइलमध्ये योग्य प्रकार निवडावा, वेळा अद्ययावत ठेवाव्यात. नाव आणि फोन वेबसाइटवर आहे तसाच द्यावा. दुकान नसेल, घरोघरी जाऊन सेवा देत असाल, तर पत्ता लपवून सेवेचा परिसर दाखवण्याची सोय आहे.

याच प्रोफाइलमधून पूर्वी मोफत वेबसाइटही बनवता येत असे. गुगलने मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद केली. जुन्या व्हिजिटिंग कार्डावर, रिक्षामागच्या जाहिरातीवर तो पत्ता अजून छापलेला असेल, तर ग्राहक रिकाम्या पानावर पोहोचतो.

काम झाल्यावर ग्राहकाला अभिप्रायाची लिंक जरूर पाठवावी. मात्र अभिप्रायाच्या बदल्यात पैसे किंवा सवलत देणे गुगलच्या धोरणात बसत नाही. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक आणले आहे.

प्रत्येक सेवेसाठी वेगळे पान उपयोगी पडते. पण फक्त गावाचे नाव बदलून तोच मजकूर चाळीस पानांवर टाकणे गुगल गैरप्रकारात धरते. ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणारे फोन येतात, त्यांच्यापासूनही सावध राहावे. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगलनेच स्पष्ट केले आहे.

मराठी मजकूर हवा का?

ग्राहक ज्या भाषेत बोलतो, त्या भाषेत हवा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधील मजकूर वेबसाइटवर चिकटवला, तर निरर्थक अक्षरे उमटतात. दुसरी चूक म्हणजे छापील पत्रकाचे चित्रच पानावर लावणे. मोबाइलवर ते वाचता येत नाही आणि त्यातील शब्द शोधात येतील याची खात्री नसते.

डोमेन कोणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न आजच विचारावा. अनेकदा वेबसाइट बनवणारा डोमेन स्वतःच्याच नावावर, स्वतःच्याच ई-मेलवरून घेतो. पुढे वाद झाला, त्याने काम बंद केले किंवा नूतनीकरण राहून गेले, तर वर्षानुवर्षे लोकांना दिलेला पत्ता हातचा जातो. मुदत संपून मोकळे झालेले डोमेन दुसरा कोणीही घेऊ शकतो. म्हणून डोमेन, होस्टिंग आणि गुगल प्रोफाइल या तिन्हींची मालकी व्यावसायिकाच्या स्वतःच्या ई-मेलवर असावी. वेबसाइटवाल्याला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यावा.

फरक पडला हे कसे कळेल?

किती जणांनी वेबसाइट पाहिली, यापेक्षा किती जणांनी फोन केला हा आकडा महत्त्वाचा. गुगलचे ‘सर्च कन्सोल’ हे मोफत साधन लोक कोणते शब्द शोधून वेबसाइटवर आले, ते दाखवते. त्याहून सोपा उपाय म्हणजे प्रत्येक नव्या ग्राहकाला ‘आमचा नंबर कुठून मिळाला?’ असे विचारून वहीत नोंद करणे. आधी एक महिना ही नोंद ठेवावी, मग बदल करून पुढच्या महिन्याशी तुलना करावी. एसी दुरुस्तीसारख्या हंगामी व्यवसायात मात्र एप्रिलची तुलना मार्चशी न करता मागच्या एप्रिलशी केलेली बरी. ती वही नसेल, तर यंदापासून सुरू करता येईल.