नायक ओसरीवर बसून राहतो तेव्हा

काउबॉय म्हटलं की आमच्या पिढीला मॅटिनी आठवते. ‘मॅकेनाज गोल्ड’, ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’, धुळीत उधळलेले घोडे आणि कमरेला पिस्तूल. तिथला नायक बोलतो कमी आणि गोळी झाडतो लवकर. आता असाच एक नायक जवळजवळ अख्खा भाग हॉटेलच्या ओसरीवर खुर्ची टाकून चाकूने लाकडाचा तुकडा तासत बसला, तर प्रेक्षकाने काय म्हणावं? न्यू जर्सीत मुलीकडे मुक्काम असताना यावरून आमच्या घरात चांगलीच जुंपली. मालिका होती ‘मॅव्हरिक’ आणि भाग २३ नोव्हेंबर १९५८ रोजी पहिल्यांदा दाखवलेला ‘शेडी डील ॲट सनी एकर्स’.

त्या काळी अमेरिकन टीव्हीवर वेस्टर्नचा सुकाळ होता. १९५८-५९च्या हंगामात सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या पहिल्या दहा कार्यक्रमांत सात वेस्टर्न होते. पहिल्या क्रमांकावर ‘गनस्मोक’ आणि सहाव्यावर ‘मॅव्हरिक’. या गर्दीत रॉय हगिन्स या लेखक-निर्मात्याने सप्टेंबर १९५७ मध्ये एक उलटा माणूस आणला. ब्रेट मॅव्हरिक हा पेशाने पत्ते खेळणारा. गोळीबाराची चाहूल लागली की मागच्या दाराने सटकणारा. कोटाच्या आत टाचणीने एक हजार डॉलरची नोट टोचून ठेवणारा आणि अडचणीत आपल्या वडिलांची वचनं ऐकवणारा. ती वचनंही बहुतेक पळ काढायला उत्तेजन देणारी! ही भूमिका जेम्स गार्नरने केली. एक तासाचा भाग आठवड्याभरात चित्रित होऊन संपेना, म्हणून लवकरच बार्ट नावाचा भाऊ आणला गेला. तो जॅक केली. दोघांची दोन पथकं समांतर काम करू लागली.

मालिका रविवारी संध्याकाळी लागायची आणि समोर एड सलिव्हन आणि स्टीव्ह ॲलन यांचे लोकप्रिय कार्यक्रम असायचे. तरीही ती टिकली, आणि १९५९ साली सर्वोत्कृष्ट वेस्टर्न मालिकेचा एमी पुरस्कारही तिने घेतला.

आता त्या भागाची गोष्ट. ब्रेट पोकरमध्ये पंधरा हजार डॉलर जिंकतो. रात्र झालेली, बँकेची वेळ टळून गेलेली. तरी बेट्स नावाचा बँकवाला रक्कम ठेवून घेतो. आपल्या बँकवाल्यावर नाही, तर मग माणसाने विश्वास ठेवायचा तरी कुणावर, अशा थाटात. सकाळी ब्रेट पैसे मागायला जातो तेव्हा बेट्स कानांवर हात ठेवतो. कसले पैसे, कुठली ठेव? गाव बेट्सचं, शब्द बेट्सचा. ब्रेट आरडाओरडा करत नाही, पिस्तूलही काढत नाही. पैसे परत मिळवीन, असं चारचौघांत सांगतो आणि ओसरीवर जाऊन बसतो. येणारेजाणारे विचारतात, काय, कुठवर आलं? काम चालू आहे, एवढंच तो सांगतो आणि लाकूड तासत राहतो. गाव हसतं.

त्याच सुमारास गावात एक धनाढ्य गुंतवणूकदार उतरतो. तो बार्ट. पाठोपाठ मालिकेतले आधीचे ठक एकेक करून येतात. डँडी जिम बकली, जंटलमन जॅक डार्बी, सामंथा क्रॉफर्ड, बिग माइक, सिंडी लू. शेअर स्वस्तात मिळतात आणि हा श्रीमंत पाहुणा ते चढ्या भावाने उचलतो, हे बेट्सला दिसतं. त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. शेवटी तो बँकेचाच पैसा लावतो, आणि गिऱ्हाईक गायब होतं. ठकास महाठक भेटला, एवढीच गोष्ट.

आता मतं ऐका. पहिलं मत आमच्या सौभाग्यवतींचं. “सगळं केलं त्या धाकट्याने, आणि नाव कुणाचं? खुर्चीतल्याचं. घरोघरी हेच,” असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा मुद्दा खोडून काढणं कठीण आहे. वेषांतर, सौदे, थापा, सगळं काम जॅक केलीकडे आहे. गार्नर पुढे ‘द रॉकफोर्ड फाइल्स’मुळे मोठा झाला आणि केली त्याच्या सावलीत राहिला. हा भाग मात्र पाठीवर वाहून नेतो तो केलीच.

दुसरं मत शेजारच्या अमेरिकन आजोबांचं. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून त्यांनी ही मालिका पाहिलेली. त्यांची निष्ठा ‘गनस्मोक’वर. गोळी नाही, पाठलाग नाही, घोडासुद्धा नावालाच, मग याला वेस्टर्न का म्हणायचं, असा त्यांचा सवाल. शेरीफ, सलून आणि टोप्या सोडल्या तर ही गोष्ट शिकागोतही घडली असती, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. ‘मॅव्हरिक’ने ‘गनस्मोक’ची टर उडवणारा ‘गन-शाय’ नावाचा भाग जानेवारी १९५९ मध्ये काढला होता, त्याचाही राग त्यांच्या मनात असावा.

तिसरं मत जावईबापूंचं. त्यांना हे सगळं ओळखीचं वाटलं. “अहो बाबा, हा तर ‘द स्टिंग’!” तो सिनेमा १९७३चा, म्हणजे नंतरचा. जमलेल्या ठकांनी मिळून एका बड्या लबाडाला त्याच्याच हावेने बुडवायचं, हा साचा पुढे इतका वापरला गेला की आज हा भाग पाहणाऱ्याला शेवट आधीच कळतो. म्हणून जावईबापूंनी त्याला दहापैकी सात गुण दिले. पुढच्यांनी केलेल्या उचलेगिरीची शिक्षा पहिल्याला, असं मी म्हणालो, पण गुण काही वाढले नाहीत.

चौथं मत माझं, आणि ते बँकेच्या काउंटरमागून आलेलं आहे. मी सांगलीत सहकारी बँकेत नोकरी केली. दिवसाची रोकड जुळवून, रोखपाल आणि अधिकारी दोघांच्या किल्ल्यांनी तिजोरी बंद झाल्यावर कुणी नोटांचं पुडकं घेऊन आलं, तर त्याला हात जोडून उद्या यायला सांगायचं, हे आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकायचो. वेळेनंतर, साक्षीदाराशिवाय, एकट्याने रोकड घेणारा बेट्स पडद्यावर दिसला आणि पुढे काय होणार ते मला कळलं.

पण माझ्या हसण्याचं कारण वेगळं होतं. गोष्टीतला काळ एकोणिसाव्या शतकाचा. अमेरिकेत ठेवींना सरकारी विम्याचं संरक्षण मिळालं ते १९३३च्या कायद्याने. त्याआधी ठेवीदाराच्या हातात काय, तर बँकवाल्याचा चेहरा आणि गावातली त्याची पत. १९५८ साली टीव्हीसमोर बसलेल्या कितीतरी घरांत तिशीच्या दशकात बुडालेल्या बँकांची आठवण ताजी असणार. आपल्याकडेही १९६० साली पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर ठेव विम्याचा कायदा आला. बुडालेल्या बँकेच्या बंद दारासमोर पासबुकं घेऊन उभे असलेले म्हातारे आमच्याही भागात मी पाहिले आहेत. त्यामुळे बँकवाल्याला त्याच्याच गल्ल्यातून हिसका बसतो तेव्हा येणारं हसू नुसतं गंमतीचं नसतं. त्यात जुनी वसुली असते.

आणि म्हणूनच ‘नायक काहीच करत नाही’ ही तक्रार मला पटत नाही. ब्रेट गावाची नजर आपल्यावर खिळवून ठेवतो. सगळे त्याला हसण्यात गुंतलेले, बेट्सही त्याच्याकडे पाहून निर्धास्त झालेला, आणि तेवढ्यात हॉटेलात बार्ट उतरतो. दिवसाढवळ्या खरं सांगूनही कुणाचा विश्वास बसत नाही, हीच त्याची खेळी. गार्नरचा अभिनयही याच बेताचा. आवाज न चढवता, विनोद न करता तो नुसता शांत दिसतो, आणि पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, यातून हसू वाढत जातं. वेस्टर्नमध्ये द्वंद्वाला दोन माणसं रस्त्यावर समोरासमोर लागतात. इथे एकटा बेट्स आपल्याच हावेशी लढतो आणि हरतो.

त्रुटीही सांगतो. बायकांच्या वाट्याला फार थोडं आलंय. डायन ब्रूस्टरची सामंथा आधीच्या भागांत दोघा भावांना पुरून उरते, पण इथे ती टोळीतली एक होऊन जाते. शिवाय बकली, डार्बी ही मंडळी अचानक दारात उभी राहतात तेव्हा जुना प्रेक्षक टाळी वाजवतो आणि नवखा विचारतो, हे कोण? भागाची निम्मी गंमत ओळखीवर उभी आहे.

म्हणून पाहायचाच असेल तर क्रम पाळा. आधी पहिल्या हंगामातले चारसहा भाग पाहा. त्यात जानेवारी १९५८चा ‘रोप ऑफ कार्ड्स’ जरूर घ्या. त्यात ब्रेट पंचवीस पत्त्यांतून पोकरचे पाच तयार हात लावून दाखवतो, आणि घरात पत्त्यांचा जोड असेल तर तुम्हीही करून पाहाल. सामंथाशी आणि डँडी जिमशी ओळख करून घ्या. मग ‘शेडी डील’ लावा. आणि पैसे बँकेत ठेवायला जाल तेव्हा कामकाजाच्या वेळेतच जा, पावती घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.