शेवटचे पन्नास दिवस

रियाधच्या अल मलाझ भागात शेळी भेटते ती ताटातच, भातावर बसून आलेली. त्यामुळे सुट्टीच्या शुक्रवारी कळंबहून आईने व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल थेट दावणीकडे वळवला, तेव्हा ती काळीभोर उस्मानाबादी बघून बरं वाटलं. पण शेळी गव्हाणीपासून लांब, मान खाली घालून उभी होती.

"चार महिने भरले हिला. खुराक बंद केलाय," आई म्हणाली. "करडू मोठं झालं तर अडायचं."

ही समजूत गावोगावी आहे, आणि नेमकी तीच घात करते. शेळी साधारण १५० दिवस गाभण असते. पहिले तीन महिने पोटातला जीव फारसं काही मागत नाही. त्याच्या वाढीचा दोन तृतीयांश भाग शेवटच्या सहा-सात आठवड्यांत उरकतो. त्यात उस्मानाबादी म्हणजे जुळ्यांची खाण! एका करडासाठी शेळीला नेहमीच्या जवळपास दीडपट ऊर्जा लागते, जुळ्यांसाठी दुपटीच्या आसपास. आणि नेमकं याच वेळी फुगलेलं गर्भाशय कोटीपोटाला रेटतं. भूक वाढते, जागा आटते. अशा पोटात नुसता कडबा कोंबला, तर पोट भरतं आणि शेळी उपाशीच राहते.

मग ती अंगातली चरबी जाळू लागते. एवढी चरबी यकृताला झेपत नाही, रक्तात कीटोन साठतात. शेळी कळपातून मागे राहते, दात खाते, तोंडाला गोडसर वास येतो, शेवटी उठतच नाही. वाळलेल्या शेळीला हे होतं तसं लठ्ठ शेळीलाही. तिच्या पोटातली जागा चरबीनेच अडवलेली असते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत उगाच लाड करण्यातही अर्थ नाही.

उपाय म्हणजे थोडक्या जागेत जास्त ताकद. मक्याचा भरडा, थोडी शेंगदाणा पेंड, गव्हाचा कोंडा, चिमूटभर क्षारमिश्रण. जोडीला शेवरी-सुबाभळीचा पाला. रोज १०० ग्रॅमपासून चढवत अडीचशे-तीनशेपर्यंत, दोन वेळांत विभागून. एकदम ओतलं तर पोटात आम्ल वाढून दुसरंच दुखणं. सौदीत ही जागा सातू घेतो. पाणी वाचवायला सरकारने २०१५ साली हिरव्या चाऱ्याची शेती टप्प्याटप्प्याने थांबवायचं ठरवलं, पण सातू आधीपासूनच बाहेरून जहाजं भरून येतोय. इथल्या काळ्या, लांब केसांच्या आरदी शेळ्याही त्यावर पोसतात.

"आई, आधी डॉक्टरांना बोलाव. आणि तिच्या कण्यावरून हात फिरव बघू."

"मणी लागतात रे हाताला. एकेक मोजता येईल."

डॉक्टर त्याच दुपारी येऊन गेले. पुढच्या शुक्रवारी कॉलवर शेळी दिसलीच नाही. दिसलं ते सूप, त्यात भरडा, आणि भरड्यात कानापर्यंत बुडालेलं एक काळं तोंड.