एकाच वर्गात, एकाच बाकावर : विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण

जून महिना उजाडला की घरोघरी नव्या वह्या, गणवेश आणि दप्तरे यांची धांदल सुरू होते. ह्याच दिवसांत काही आईवडील मात्र शाळेच्या कार्यालयातून मान खाली घालून परततात. ज्यांच्या मुलाला नीट ऐकू येत नाही, चालता येत नाही किंवा जे मूल वयाच्या मानाने सावकाश शिकते, त्यांना पुष्कळदा एकच उत्तर मिळते : "आमच्याकडे तशी सोय नाही, तुम्ही त्याला खास शाळेत घाला." उत्तर सभ्य असते आणि अनेकदा खरेही असते. पण ती सोय करणे हे कोणाचे काम, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाचकांनी तरी तो विचारावयास हवा, कारण शाळेत कोणी बसावे आणि कोठे बसावे ह्या प्रश्नाशी ह्या भूमीचे जुने नाते आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव आंबेडकर ह्या मुलाचे नाव दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्यातील शालेय दिवसांची जी आठवण डॉ. आंबेडकरांनी पुढे लिहून ठेवली, ती मात्र उत्सवाची नाही. वर्गात त्यांना इतर मुलांमध्ये बसण्यास मनाई होती. बसण्यासाठी गोणपाटाचा वेगळा तुकडा होता, तो रोज घरून आणावा आणि संध्याकाळी परत न्यावा लागे. तहान लागली तरी शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळत नसे. मुलाचे नाव हजेरीपटावर होते, परंतु मूल वर्गाचे झाले नव्हते.

अस्पृश्यता हा माणसाने माणसावर लादलेला अन्याय आणि अपंगत्व ही शरीराची किंवा बुद्धीची एक स्थिती. दोहोंना एकाच तागडीत घालू नये, हे खरे. तरीही गोणपाटाचा तो तुकडा शाळेची परीक्षा घेण्यास आजही उपयोगी पडतो. विशेष गरजा असलेल्या मुलाचे नाव दाखल करणे ही पहिली पायरी झाली. नंतर ते मूल शेवटच्या बाकावर चित्रे रंगवीत बसत असेल, सहलीला त्याला घरी ठेवले जात असेल, तपासणीच्या दिवशी 'आज नको पाठवू' असा निरोप येत असेल, तर गोणपाट तेवढे बदलले आहे. शब्दांचेही तसेच आहे. 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आले. शब्द आदराचा आहे, पण केवळ शब्दाने बाक सरकत नाही.

आरंभीच्या काळात ह्या मुलांसाठी स्वतंत्र संस्था निघाल्या, आणि त्यांत ख्रिस्ती समाजाचा वाटा मोठा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिशप लिओ मोयरिन ह्यांच्या पुढाकाराने मुंबईत मूकबधिरांची शाळा सुरू झाली. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनात अंध मुलींना ब्रेल शिकविले जाई. ज्या काळी ह्या मुलांना कोणीच शिकवीत नव्हते, त्या काळी हे कार्य थोर होते. परंतु खास शाळा बहुधा शहरात असते. पाटणच्या खोऱ्यातील किंवा जतच्या वाडीवरील सहा वर्षांच्या मुलाला तिचा अर्थ आईपासून दूर वसतिगृह असा होतो. म्हणूनच गावातल्याच शाळेने त्याला सामावून घ्यावे, हा विचार पुढे आला. केंद्र सरकारने १९७४ मध्ये एकात्म शिक्षणाची योजना आणली, १९९४ च्या सालामान्का जाहीरनाम्याने समावेशक शिक्षणाचा पुरस्कार केला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयोगटातील लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला, त्याच्या निवडीनुसार, जवळच्या किंवा खास शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला.

एकात्म आणि समावेशक ह्या दोन शब्दांतील फरक समजून घेण्याजोगा आहे. पहिल्यात मुलाने शाळेशी जुळवून घ्यायचे असते, दुसऱ्यात शाळेने मुलाशी. प्रत्यक्षात ह्याचा अर्थ अगदी साधा असू शकतो. फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या शिक्षकांचे ओठ कमी ऐकू येणाऱ्या मुलाला दिसत नाहीत. त्यांनी वळून बोलावे, एवढ्यानेच त्याचा अर्धा तास वाचतो. अंधुक दिसणाऱ्या मुलीला पुढचा बाक आणि मोठ्या अक्षरांतील मजकूर लागतो. चाकाच्या खुर्चीला उतरण लागते, एक फूट उंचीसाठी साधारण बारा फूट लांबीची. पुष्कळ ठिकाणी ती इतकी उभी बांधलेली असते की तिच्यावरून खुर्ची चढविणे धोक्याचे ठरावे. आणि स्वच्छतागृह हा तर मुलींच्या बाबतीत शाळा सुटण्या-न सुटण्याचा प्रश्न असतो.

सावकाश शिकणाऱ्या मुलाची बाब अधिक नाजूक आहे. वर्ग शेकडेवारी शिकत असताना ते मूल नाणी मोजून सुटे पैसे परत द्यावयास शिकेल. धडा एक, अपेक्षा निराळी. ही आखणी करण्यासाठी वर्गशिक्षकांना विशेष शिक्षकाची सोबत लागते. समग्र शिक्षा योजनेत असे शिक्षक तालुका पातळीवर असतात आणि शाळाशाळांतून फिरतात. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्रमाण घालून दिले : प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक. हे प्रमाण कागदावरून वर्गात येत नाही तोवर सारा भार एकट्या वर्गशिक्षकावर टाकून त्यांनाच दोष देणे न्याय्य होणार नाही.

खास शाळांची गरज संपली, असेही कोणी समजू नये. संपूर्ण बधिर मुलाला लहानपणी खुणांची भाषा मिळाली नाही, तर विचारांची वाढच खुंटते. ज्या वर्गात एकालाही ती भाषा येत नाही, तेथे ते मूल चाळीस जणांत एकटे असते.

सांगली जिल्ह्यातील दोन खेळाडूंची नावे ह्या संदर्भात आवर्जून घेतली जातात : १९७२ च्या पॅरालिंपिकमधील सुवर्णपदक विजेते मुरलीकांत पेटकर आणि २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीत रौप्यपदक मिळविणारे आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी. त्यांचा अभिमान वाटावा. पण बाकावर जागा मिळण्यासाठी कोणाही मुलाला पदक आणावे लागू नये. १९२४ मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले, तेव्हा ह्यातून पुढे कोण थोर होईल हे पाहून मुलांना एका पंक्तीत बसविले नव्हते.

आपल्या धर्मप्रांतातील शाळांविषयी एक गोष्ट स्पष्ट असावी. २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. त्या निकालाचा फेरविचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाच्याच एका खंडपीठाने २०२५ मध्ये सुचविले आहे. दिव्यांग हक्क कायद्यातील समावेशक शिक्षणाची तरतूद मात्र शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या सर्वच संस्थांना उद्देशून आहे. त्यामुळे 'आम्हाला तो कायदा लागू नाही' हे वाक्य येथे पुरेसे होत नाही.

पालकांनी जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाची तपासणी करून प्रमाणपत्र आणि ओळखपत्र वेळीच मिळवावे. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक ह्या सवलतींसाठीही ते लागते. प्रवेशाचा अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि मुलाला काय जमते हे त्यात आधी लिहावे, काय जमत नाही ते नंतर. नकार मिळालाच तर तोही लेखी मागावा. तो घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते. लेखी नकार देण्याची वेळ आली की पुष्कळ शाळांना सोय करता येते, असा अनेक पालकांचा अनुभव आहे.